परदेशी जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे असा अध्यक्षाबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. घरचा स्वयंपाक, शेतावरची शिदोरी आणि हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर बसून देठे खुडणे, यात लेखणी हाती धरण्याचा प्रसंग किराण्याच्या यादीपुरताच येतो. परंतु मंडळाच्या एका हळदीकुंकवात माझ्या तोंडून काही शब्द गेले होते. ते मला परत घ्यावयाचे आहेत. म्हणून हा लेख लिहावयास घेतला.

आपल्यापैकी बहुतेकींना तो दिवस आठवत असेल. माझ्या शेजारच्या ताईंची मुलगी डॉक्टरी शिकण्यासाठी परदेशी निघाली होती. ताईंनी आनंदाने तिळगूळ वाटला आणि मग बायकांचे प्रश्न सुरू झाले. इथे शिकण्याची सोय नाही काय? एकटी पोर इतक्या दूर कशी राहील? तिकडे खाईल काय? काही बरेवाईट झाले तर कोण धावेल? पुढे लग्न कोण करील? यातला शेवटचा प्रश्न माझा होता. शिवाय, आपल्या गावात आजवर कोणाची मुलगी गेली नाही, मग हिनेच का जावे, असेही मी बोलून गेले. ताई काही बोलल्या नाहीत. वाण घेतले आणि लवकर उठून गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी मंडळाच्या कपाटातले श्री. ज. जोशी यांचे ‘आनंदी गोपाळ’ हे १९६८ साली निघालेले पुस्तक हाती आले. २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट येऊन गेला, तो काहीजणींनी पाहिला असेल. पुस्तक कादंबरीचे, त्यामुळे त्यातले घडलेले किती आणि रचलेले किती हे कळावे म्हणून मुलाच्या मदतीने इतर चरित्रांतून तारखा ताडून घेतल्या. आनंदीबाईंचे नाव शाळेच्या धड्यात वाचले होते. पहिल्या डॉक्टर, एवढेच ठाऊक होते. त्या कशा गेल्या आणि कशा परत आल्या हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, आणि माहेर कल्याणच्या जोश्यांचे. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यात नोकरीला, बिजवर, वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्यांची लग्नाची अट मात्र त्या काळात कोणी ऐकली नसेल अशी होती. बायकोला आपण शिकवू, आणि त्याला माहेरच्यांनी आडकाठी करावयाची नाही. सासरी तिचे नाव आनंदी झाले.

गोपाळरावांचा हा आग्रह थोर खराच, परंतु तो गोड नव्हता, हेही लिहिले पाहिजे. अभ्यास चुकला, पुस्तक सोडून चूल फुंकताना ती दिसली, तर ते तिला मारीत. कोवळ्या वयात लाकडाचे फटके खाल्ल्याचे तिने पुढे पत्रातून त्यांनाच स्पष्ट लिहिले होते. इतर घरी स्वयंपाक बिघडला म्हणून बायकांना मार बसे, इथे स्वयंपाक करीत बसली म्हणून बसला. मला विचाराल तर मार तो मारच. त्याच माणसाने तिला जगाचे दार उघडून दिले हे खरे, आणि त्याच्याच हाताचा धाक तिने सोसला हेही खरे. दोन्ही गोष्टी एका संसारात असू शकतात, हे आपणा बायकांना कोणी समजावून सांगावयास नको.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळते तर वाचला असता, हे तिच्या मनाने घेतले. त्या काळी बाळंतिणीला पुरुष डॉक्टरापुढे कोण जाऊ देई? आणि बाई डॉक्टर तर आपल्यात नव्हतीच. सुईणीच्या हाती जे होईल ते होई. दुसरी एखादी मुलगी रडून उगी राहिली असती. हिने स्वतः डॉक्टर व्हावयाचे ठरविले.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगावीशी वाटते, भगिनींपुढे लाज कसली. धाकट्याच्या जन्मानंतर मला बाईचे एक दुखणे जडले होते. दवाखाना जवळच होता, पण तपासणारे डॉक्टर पुरुष. सासूबाईंना सांगावयाला संकोच, घरधन्यांना सांगावयाला त्याहून अधिक. अंगावर काढता काढता वर्ष गेले. शेवटी नागपूरला एका डॉक्टरीणबाईंनी तपासले, तेव्हा पंधरा दिवसांच्या औषधात बरी झाले. पंधरा दिवसांच्या औषधासाठी एक वर्ष मी कण्हत काढले. म्हणून आनंदीबाईंना काय दिसले होते ते मला पुस्तकाविनाही समजते.

गोपाळरावांची बदली अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशी होत होत बंगालपर्यंत गेली. कोल्हापुरास असताना १८७८ साली त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याकडे साहाय्य मागणारे पत्र धाडले होते. धर्म बदलण्याची तयारी नसल्याने त्यातून काही निघाले नाही, पण ते पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. दोन वर्षांनी न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या मासिकात त्यांनी ते वाचले. कोण कुठली हिंदुस्थानातली मुलगी, परंतु त्यांच्या मनाला ते लागले आणि त्यांनी पत्र लिहिले. पुढे दोघींची पत्रे चालू झाली. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हापासूनच नाजूक होती. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधेही पाठविली. एकमेकींचे तोंड न पाहता मावशी-भाचीचे नाते जडले.

आनंदीबाई परदेशी जाणार ही वार्ता फुटली, तेव्हा बंगालात श्रीरामपूर येथे गोपाळराव टपालमास्तर होते. लोकांनी नावे ठेवावयास सुरुवात केली. रस्त्याने चालणे कठीण झाले. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाई सभेपुढे उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत बोलल्या. वय किती, तर अठरालाही महिना कमी! लोक जे सहा प्रश्न विचारीत होते, त्यांची उत्तरे त्यांनी एकेक करून दिली.

ते सहा प्रश्न वाचले आणि मी पुस्तक मांडीवर पालथे ठेवले. अमेरिकेलाच का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्याच का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? तिकडे काही संकट कोसळले तर? आणि आजवर कोणा बाईने जे केले नाही ते तुम्हीच का करावे? हे तर आमच्या हळदीकुंकवातले प्रश्न! मधे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला आणि शेवटचा प्रश्न जशाचा तसा माझ्याच तोंडून निघाला होता.

त्यांची उत्तरे मी माझ्या शब्दांत थोडक्यात सांगते. देशात बायकांना बायकांकडून वैद्यक शिकता येईल अशी पुरी सोय नाही, आणि सुधारलेल्या वेषात बाहेर पडणाऱ्या बाईलाही इथे सुखाने शिकू देत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. जातीविषयी त्या म्हणाल्या की, आपला आहार, पोशाख, चाली यांत आपण बदल करणार नाही. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहू. त्यावरही वाळीत टाकावयाचे असेल तर आताच टाकावे. संकट परदेशातच येते आणि घरात येत नाही असे थोडेच आहे? आणि शेवटच्या प्रश्नावर त्यांनी शिबी राजासारख्यांचे दाखले दिले. दुसऱ्याच्या जिवासाठी ज्यांनी अंगाचे मांस दिले त्यांच्या देशात, आपल्या भगिनींच्या उपयोगासाठी थोडे कष्ट घेण्याला इतके नवल कशाला?

अंगावरच्या सोन्याच्या बांगड्या विकून भाड्याची सोय झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. सोबत मिशनरी बायका, घरचे माणूस एकही नाही. शाकाहारी बाईला बोटीवर धड खाणे मिळेना. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला, त्या न्यू यॉर्कला उतरल्या, तेव्हा धक्क्यावर कार्पेंटरबाई न्यावयास आल्या होत्या. तो उन्हाळा रोझेलला सुखात गेला. कार्पेंटरबाईंच्या लेकी त्यांना बहिणींप्रमाणे झाल्या. एकदा तर आनंदीबाईंनी तिकडच्या पाहुण्यांना आपल्या पद्धतीची पंगत मांडून जेवू घातले.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात फिलाडेल्फिया शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा अभ्यास सुरू झाला. हे महाविद्यालय १८५० साली निघालेले, केवळ बायकांना डॉक्टर करण्यासाठी. तेव्हाच्या त्याच्या मुख्य रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती देऊ केली. म्हणजे वर्षाला दोनशे. त्यात भाडे, जेवण, पुस्तके, लुगडी, टपाल सारे भागवावयाचे.

परक्या देशी शिकणाऱ्या मुलीचे हाल कशात असतात? पुस्तकात थोडे आणि खाण्यापिण्यात, थंडीवाऱ्यात जास्त. फिलाडेल्फियाचा हिवाळा बर्फाचा. आपले नऊवारी लुगडे कष्टाच्या कामाला उत्तम, पण त्यात पोटऱ्या उघड्या राहतात. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसावयास सुरुवात केली. त्यावर गोपाळरावांचे इकडून रागाचे पत्र गेले. खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटविली तर धूर कोंडे, न पेटविली तर थंडीने हात गारठत. मांसाहार करावयाचा नाही हे व्रत, आणि वरणभात रांधावयाला सामान मिळत नाही. दिवसभर शिकून आल्यावर उकडलेले काहीबाही खाऊन पुन्हा पुस्तक. आपण आपल्या मुलींना परीक्षेच्या दिवसांत दूध-तूप भरवितो. त्यांना भरविणारे कोणी नव्हते. पहिल्या हिवाळ्यापासूनच शरीर खंगू लागले.

परंतु त्या महाविद्यालयात त्या एकट्याच परदेशी नव्हत्या. १८८५ च्या ऑक्टोबरातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तिघीजणी बसल्या आहेत. मराठी आनंदीबाई, जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाईंची पदवी १८८६ ची, ओकामीबाईंची १८८९ ची आणि इस्लांबुलीबाईंची १८९० ची. ते छायाचित्र मी मुलाच्या मोबाइलवर पुष्कळ वेळ पाहिले. तीन देशांतल्या बायकांना तपासण्यासाठी तीन पोरी घरदार सोडून एका बाकावर येऊन बसल्या होत्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध आपल्याकडील जुन्या प्रसूतिशास्त्रावर होता. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने दुसरा विषय तरी कोणता निवडावा? गोपाळराव तोवर अमेरिकेस पोचले होते, आणि नात्यातल्या पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून समारंभास आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनी त्याच साली वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले. म्हणजे १८८६ हे वर्ष आपल्या देशातल्या बायकांना लाभाचे ठरले म्हणावयाचे.

कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. जागा तयार, पगार ठरलेला, रोगी वाट पाहत असलेले. परंतु बॉस्टनच्या बायकांच्या रुग्णालयात अनुभवासाठी गेल्या असताना प्रकृती अगदीच खालावली. क्षयाने धरले होते. भगिनींनो, क्षयाचा जंतू जर्मनीच्या कॉक साहेबांनी १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी, दाखवून दिला होता. पण त्याला मारणारे औषध स्ट्रेप्टोमायसीन हाती यावयास १९४३ साल उजाडले. म्हणजे रोग कशाचा हे कळत होते आणि उपाय नव्हता. डॉक्टर झालेल्या बाईला आपली गत दिसत असेलच.

९ ऑक्टोबर १८८६ रोजी न्यू यॉर्कहून बोट निघाली आणि १६ नोव्हेंबरला त्या मुंबईस उतरल्या. ज्यांनी नावे ठेविली त्याच देशाने आता हारतुरे आणले. वाळीत टाकण्याची भाषा कोणी केली नाही. पण अंगात त्राण नव्हते. पुण्यात आजारपण वाढत गेले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हावयास महिना उरला होता. कोल्हापूरच्या विभागातली खुर्ची त्यांची वाट पाहतच राहिली. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली, आणि न्यू यॉर्क प्रांतातल्या पकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिला जागा मिळाली. परक्या मावशीने भाचीला आपल्या माणसांत ठेवले.

हे वाचून मला आधी असे वाटले की, मग हाती काय आले? इतके कष्ट, आणि इथल्या एकाही बाईची नाडी पाहता आली नाही. पण पुढचे पाहावे. त्यांच्या पदवीदानाला आलेल्या रमाबाईंनी तीन वर्षांनी, त्याच ११ मार्चला, १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. त्याच वर्षी आपल्या रखमाबाई वैद्यक शिकावयास लंडनला गेल्या. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदावयास जाणार नाही म्हणून कोर्टात लढल्या त्याच या. १८९४ साली डॉक्टर होऊन त्या परत आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ बायकांची सेवा केली. १९५५ साली त्या वारल्या, म्हणजे पुरे आयुष्य भोगून. आणि कोल्हापूरच्या त्या रुग्णालयात पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले. पाऊलवाट एकीने पाडली, वहिवाट इतरींनी केली.

आज आपल्या कुहीला ग्रामीण रुग्णालय आहे, नागपूरला मेडिकल आहे, बायकांसाठी डागा दवाखाना आहे. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि सांगितले तितके महिने न चुकता घेतले तर रोग बरा होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर बेडका तपासून घ्यावा, एवढे तरी प्रत्येक घरी ठाऊक असावे. आनंदीबाईंना जे मिळाले नाही ते आपल्याला वेशीवर मिळते. तरीही आपण अंगावर काढतो. मी काढलेच होते.

म्हणून मला वाटते की, दूर शिकावयास निघालेल्या मुलीला आपण प्रश्न विचारावेत, पण निराळे. का जातेस हे आनंदीबाईंनी १८८३ सालीच सांगून ठेवले आहे, ते पुन्हा विचारण्याचे कारण नाही. खोलीत ऊब आहे ना, हे विचारावे. दोन वेळ गरम जेवतेस ना? दुखलेखुपले तर कोणाला सांगशील? घरी खोटे बरे आहे असे तर लिहिणार नाहीस? परत आल्यावर त्या मुलींना इथे काम करण्याआधी आणखी एक परीक्षा द्यावी लागते, तिचा अभ्यासही कठीण असतो, असे कळले. त्या दिवसांत तिला आयत्या पानावर जेवावयास कोण वाढील, हेही विचारावे. आनंदीबाईंना धैर्य कमी पडले नाही. कमी पडली ती ऊब, अन्न आणि जवळचे माणूस. धैर्य ज्याचे त्याने आणावयाचे असते. बाकीचे तीन आपण देऊ शकतो.

हे मनात पक्के झाले तेव्हा एके दिवशी दुपारी मी शेजारच्या ताईंकडे गेले. हळदीकुंकवाच्या दिवशी चुकले, असे सरळ सांगितले. त्यांनी चहा ठेवला. बोलता बोलता कळले की, मुलीला तिकडचे जेवण अळणी लागते आणि ती नुसत्या पावावर दिवस काढते. त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि आपल्या इकडच्या मिरचीचे तिखट करून, नीट बांधून पार्सल पाठविले. पोचल्यावर पोरीचा फोन आला. ताईंनी तो माझ्याही हाती दिला. बोलताना ती मधे दोनदा खोकलली. मी पहिला प्रश्न तोच विचारला, खोकला किती दिवसांचा? ती हसली. चारच दिवसांचा आहे, आणि तिथल्या डॉक्टरला दाखविला आहे, असे तिने सांगितले.

असो. अडाणी हाताने लिहिलेले आहे. काही उणे राहिले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.